झुम्राच्या घरी कॉफी कोण ओतणार

झुम्राच्या घरी कॉफी कोण ओतणार, हा प्रश्न आमच्या गल्लीत कधी कोणाला पडलाच नव्हता. झुम्रा ओतणार. लांब दांड्याचा तांब्याचा जेझवा ती स्वतः शेगडीवर ठेवायची, स्वतः उतरवायची, थाळीत मधोमध मांडायची आणि भोवती बसलेल्या प्रत्येकाच्या बिनकानाच्या कपात स्वतः ओतायची. आधी चमच्याने थोडा थोडा फेस, मग वरून कॉफी. माझ्या नवऱ्याने, तो हयात असताना, एकदा मदत म्हणून जेझव्याच्या दांड्याला हात घातला होता. "भाऊजी," झुम्रा म्हणाली, "तुमच्या घरी तुम्हाला हवं ते धरा." त्यानंतर त्या माणसाने तिच्याकडे साखरेचा खडासुद्धा विचारल्याशिवाय उचलला नाही.

त्राव्निक गावातली आमची गल्ली किल्ल्याखालून सरळ वर चढते. तिचं घर उजवीकडे, माझं डावीकडे. मी पोस्टात खिडकीवर बसायचे, ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. उभा जन्म कॉलर शिवल्यामुळे माणूस समोर आला की तिची नजर आधी त्याच्या गळ्याशी जायची. नवरा, मुहारेम, आवडला तो कॉलर सरळ होती म्हणून, असं ती सांगायची. मुहारेम दुधाची गाडी चालवायचा आणि पहाटे निघताना तिच्या हातची कॉफी पिऊन निघायचा. तो गेला, कारखाना बंद पडला, मुलगा निहाद ऑस्ट्रियात ग्राझला गेला आणि तिथे खिडक्या बसवायचं काम करू लागला. झुम्राच्या घरातली माणसं कमी होत गेली, पण बैठकीवर बसणारी कमी झाली नाहीत. युद्धात कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा ती मसूर भाजून, कुटून उकळायची. चव जळक्या पोत्याची होती. तरी जेझवा थाळीत मांडलेला असायचा, आणि आम्ही तळघरात त्याच्याभोवती बसून तो रिकामा होईपर्यंत गप्पा मारायचो. त्या दिवसांत मला वेड लागलं नाही याचं श्रेय मी मसुराला देते.

या वर्षी जानेवारीत लाकडं आणायला म्हणून ती बाहेर पडली आणि बर्फावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, छान जुळलंय. डॉक्टरांना जेझवा उचलायचा नव्हता. रिकामा तिला उचलता यायचा, भरलेला नाही. आणि तिचा जेझवा म्हणजे गल्लीतला सगळ्यात मोठा, दहा कप सहज निघतील असा.

"छोटा घ्या ना, ताई," मी म्हटलं.

"का? माणसं छोटी झाली?"

डाव्या हाताने ओतून पाहिलं तर पहिलीच धार हस्नियाच्या मांडीवर. हस्निया म्हणजे तिची धाकटी जाऊ, पलीकडच्याच घरात राहते. ती आजही शपथेवर सांगते की जाऊबाईंनी मुद्दाम केलं. माझं मत विचाराल तर मला खात्री नाही.

मग सुरू झाली नव्या यंत्राची शोधाशोध. हस्नियाच्या मुलीने इटलीहून आणलेली पेचाची कॉफीदाणी आली. खाली पाणी, मध्ये कॉफी, वरचा भाग घट्ट पिळून बसवायचा. पिळायला दोन्ही मनगटं हवीत, त्यामुळे ती त्याच संध्याकाळी परत गेली. मी माझं ठिबकणारं यंत्र नेलं, कागदाच्या गाळणीचं, पोस्टातून निवृत्त होताना मिळालेलं. झुम्राने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "मेवलिदा, पोस्टात तुम्ही सगळे हेच पीत होता?" "हो." "तरीच पत्रं उशिरा यायची." मग बाजारातून प्लास्टिकचा विजेवरचा जेझवा आला. वजनाला हलका, पण फेस वर यायला लागला की आपणहून बंद व्हायचा. "कधी थांबायचं ते याला कळतं म्हणे," झुम्रा म्हणाली. "मुहारेमला मरेपर्यंत कळलं नाही आणि या डबड्याला कळतं!" त्यात ती आता अंडी उकडते.

हे सगळं फोनवरून निहादच्या कानावर जायचंच. पोरगा वाईट नाही. दर रविवारी फोन करतो, आईसाठी जीव टाकतो. पण त्याचं म्हणणं एकच होतं. "आई, तुला साधी कॉफी करता येत नाही, मग एकटी राहणार कशी? ग्राझला ये. माझ्याकडे खोली रिकामीच आहे. घराला गिऱ्हाईक आहे, विकून टाकू."

"कॉफी करता येते मला."

"कशी करतेस?"

शेवटी असं ठरलं की निहादने तिकडून चांगलं मशीन पाठवायचं आणि मे महिन्याच्या सुट्टीत येऊन स्वतः बघायचं. आईचं नीट चाललं असेल, घरी माणसांचं येणंजाणं असेल, तर तो घराचा विषय पुन्हा काढणार नाही. नसेल तर तिने बॅग भरायची. फोन ठेवून ती माझ्याकडे आली आणि माझ्या ओट्याला टेकून उभी राहिली. "तिथे मी काय करणार, मेवलिदा? खिडकीत बसून खालून जाणाऱ्यांच्या कॉलरी बघणार. मला नाही जायचं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्या लक्षात आलंय हे कळताच तिने माझ्या खिडकीच्या पडद्याला नावं ठेवली.

मशीन बसने आलं. ट्रंकेएवढं खोकं, आत काळं चकचकीत धूड. वर दाणे टाकायचे, बटण दाबायचं, ते स्वतःच दळतं, घरघरतं, थुंकतं आणि एक कप तयार. कप भरला की दुसरा ठेवायचा. झुम्राने एका दिवसात ते आत्मसात केलं. "बघ, एका बोटाचं काम," तिने मला दाखवलं. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच मी कॉफी चाखली, तीही वाईट नव्हती. मला तर आवडली, पण हे मी तिच्यासमोर बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे रागिब आला. रागिब वनखात्यातून निवृत्त झालेला, आता ऐंशीचा आहे. मुहारेमचा मित्र, रोज सकाळी झुम्राच्या बैठकीवर ठरलेल्या कोपऱ्यात बसणारा. व्लाशिच डोंगरावर त्याला भेटलेल्या अस्वलाची गोष्ट तो सांगतो, आणि दर वर्षी ते अस्वल थोडं वाढतं. तर रागिब बसला, टोपी काढली, आणि झुम्रा आतून आली ती हातात भरलेला कप घेऊन. तिने तो त्याच्यापुढे ठेवला आणि कौतुकाच्या अपेक्षेने उभी राहिली.

आता आमच्याकडे हे कोणी कोणाला शिकवत नाही, सगळ्यांना पाळण्यातूनच ठाऊक असतं. पाहुणा आला की थाळी येते आणि थाळीत जेझवा. जोवर जेझवा समोर आहे तोवर बसा, बोला, आणखी ओतू. दोन तास झाले, घरच्या बाईला घेवडा शिजत टाकायचा असला, की ती जेझवा आत नेते आणि स्वयंपाकघरातून एकेकाला भरलेला कप आणून देते. तो कप म्हणजे, आता निघा. तोंडाने कोणी बोलत नाही. पाहुणा पितो, "बराच वेळ झाला की," म्हणतो आणि उठतो. कोणालाही वाईट वाटत नाही, कारण तो कप शेवटी येतो. बसल्या बसल्या, पहिलाच, तो कधी कोणाला मिळालेला नव्हता.

रागिबने थाळी शोधली. माझ्याकडे पाहिलं. कपाकडे पाहिलं. मग दोन घोटांत तो रिकामा केला, टोपी घातली आणि म्हणाला, "बरं आहे, झुम्रा. अल्ला सुखी ठेवो." आणि गेला.

"याला झालं काय?" झुम्रा म्हणाली.

मला वाटलं, बाईने आज अस्वलाचा निकाल लावला. वरून साळसूदपणे विचारतेय. मला गंमत वाटली, आणि थोडं बरंही वाटलं. माझी गंमत दुसऱ्या दिवशी संपली. मी बसते न बसते तोच माझ्यापुढे भरलेला कप! मला? समोरच्या शेजारणीला? मी तो प्यायले, उठले, घरी आले आणि दुपारपर्यंत भांडी आपटली. त्याच आठवड्यात हस्नियाचं तेच झालं. ती घरी जाऊन भांडी आपटणाऱ्यांतली नाही. तिने चढावरच्या प्रत्येक दारात थांबून सांगितलं, "जाऊबाईंकडे ऑस्ट्रियाचं मशीन आलंय. आता आपण कोण?"

कोणीच कोणाला विचारलं नाही. तुम्ही मला हाकललंत का, असं कोण विचारणार? आणि तुम्ही येत का नाही, असं विचारणारी झुम्रा नव्हे. बोलावून आणावा लागला तो कसला पाहुणा, असं तिचं मत. तिने मशीन पुसलं, त्यावर विणलेला रुमाल टाकला आणि दार उघडं ठेवून बसली. एप्रिलभर ते दार उघडंच होतं. मी माझ्या खिडकीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, बसा आता तुमच्या मशीनपाशी. इतकी मी रागावले होते.

निहाद मेच्या सुट्टीत गाडी घेऊन आला. पहिल्या दिवशी कोणी गेलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मला राहवेना. पोराला मी कडेवर खेळवलंय, त्याला न भेटता तो परत गेला असता तर मला झोप लागली नसती. गेले. दारातच दोन बॅगा भरून ठेवलेल्या. एक निहादची, आणि एक कपाटावरची जुनी, मुहारेमची.

"मावशी, या!" निहादने मला मिठी मारली. चेहरा ओढलेला. हळूच म्हणाला, "तीन दिवस झाले. तुम्ही पहिल्याच. मला वाटलं होतं, आई उगाच सांगते की ती ठीक आहे. आता तिला इथे कसं ठेवू?"

झुम्रा खुर्चीवर बसली होती. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, बस. तिने वाद घातलेला नव्हता, हे तिच्या वाकलेल्या पाठीवरूनच दिसत होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी बसले. निहाद लगबगीने आत गेला, घरघर झाली, आणि त्याने भरलेला कप आणून माझ्या हातात दिला.

मी कप संपवला आणि उठले. "बरं, येते मी."

"अहो मावशी! आत्ता तर आलात. कॉफी दिली की मी!"

"दिलीस म्हणून तर निघाले ना, बाबा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? ओतलेला कप आणून दिलास हातात. तुझ्या आईने तसाच रागिबला दिला, मला दिला, हस्नियाला दिला. माणसाला काही कळतं की नाही?"

निहादने कपाळावर हात मारला. तो इथून लहानपणी गेला नव्हता, त्याला ठाऊक होतं, फक्त विसरला होता. झुम्रा मात्र खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"रागिबला," ती म्हणाली, "मी रागिबला जा म्हटलं? बसल्या बसल्या?"

"तसंच दिसलं, ताई."

"मुहारेम गेला तेव्हा सात दिवस जो माझ्या दारातून हलला नाही, त्याला?" तिचा आवाज फाटला. "मशीनच्या कौतुकात माझ्या ध्यानातच आलं नाही, आणि मी महिनाभर दार उघडं टाकून बसले गं. मला वाटलं, हात मोडलेली बाई आता कोणाला हवीय." मग तिला आठवलं की मी समोर राहते. "आणि तू! तुझं तोंड शिवलं होतं का? एरवी पाव आणायला गेलीस तरी चार बातम्या आणतेस!"

तिथे उभं राहण्यापेक्षा रागिबला आणायला जाणं सोपं होतं.

रागिब अंगणात घेवड्याचे वेल चढवायला काठ्या रोवत होता. "मी नाही यायचा. मला हाकललंय."

"रागिबभाई, मशीनने हाकललं. ते एका वेळी एकच कप करतं, ओतूनच देतं. त्याला काय कळतंय?"

त्याने काठी खाली ठेवली आणि विचार केला. "म्हणजे ऑस्ट्रियात सगळे पहिल्याच कपाला उठतात?"

हाच प्रश्न त्याने बैठकीवर आपल्या कोपऱ्यात बसल्यावर निहादलाही विचारला. "तिथे बसतच नाहीत, काका," निहाद म्हणाला. "मी तर सकाळी उभ्यानेच पितो, ओट्यापाशी." रागिबने त्याच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं.

तोपर्यंत हस्नियाही आली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण आमच्या चढावर बातमी चढत नाही, घसरत येते. झुम्राने थाळी काढली, कप मांडले, साखर ठेवली. मोठा जेझवा काढला. कोरड्या जेझव्यात कॉफी टाकून जरा तापवली, उकळतं पाणी घातलं, पुन्हा शेगडीवर धरून फेस वर येऊ दिला. घरभर वास सुटला. मग तिने तो भरलेला जेझवा उजव्या हाताने उचलला.

मनगट वाकलं. निम्मी कॉफी शेगडीवर सांडली, चर्र आवाज झाला. निहादने डोळे मिटून घेतले. मला कळत होतं की तो दारातल्या बॅगेचा विचार करतोय, आणि झुम्रालाही कळत होतं.

"द्या इकडे, जाऊबाई," हस्निया उठली.

"बस खाली," झुम्रा म्हणाली. तिने जेझवा खाली ठेवला आणि त्या दांड्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं त्या दांड्याला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. मग तिने डोक्यावरचा रुमाल गळ्याशी घट्ट केला, येऊन बैठकीवर बसली, पाहुण्यांच्या जागेवर, माझ्या शेजारी.

"हात गेला," ती म्हणाली. "तोंड आहे अजून. निहाद, ऊठ. नवी कॉफी टाक."

"आई, मला येत नाही."

"म्हणूनच सांगतेय. तापव आधी. करपवू नकोस! पाणी. सगळं नको, कपभर मागे ठेव. आता चढव. बघ त्याच्याकडे, फोनकडे काय बघतोस?"

निहादने जेझवा थाळीत आणून ठेवला. "फेस आधी! चमच्याने! अरे हळू, भिंतीला चुना फासतोयस का?" त्याने पहिला कप रागिबला दिला, मग हस्नियाला, मग मला. शेवटचा आईला. झुम्राने घोट घेतला. इतक्या वर्षांत तिला कॉफी गरम असताना पिताना मी पहिल्यांदा पाहिलं. एरवी सगळ्यांना ओतून होईतो तिची निवलेली असायची.

"कशी झालीय?" निहादने विचारलं.

"पातळ आहे," ती म्हणाली, आणि कप पुढे केला. "आणखी घाल."

तो दुपारी निघणार होता. दोनदा त्याचा फोन वाजला, दोन्हीदा त्याने तो उलटा ठेवला. रागिबने अस्वल सांगितलं. निहादने ते लहानपणी ऐकलं होतं, तेव्हा ते पिल्लू होतं म्हणाला, आणि रागिबसकट सगळे हसले. जेझवा तीनदा भरला गेला. घराचं काय होणार हे अजून कोणी बोललं नव्हतं, पण विषय सगळ्यांच्या जिभेवर होता. शेवटी निहादनेच काढला.

"आणि मी गेल्यावर? उद्या कोण ओतणार?"

"आम्ही काय मेलो का?" हस्निया कडाडली.

"उद्या हस्निया," झुम्रा म्हणाली. "पण कॉफी आधी, पाणी नंतर. लग्न होऊन आल्यापासून सांगतेय तिला. परवा मेवलिदा, आणि पोस्टासारखी नको. मग रागिब."

"मी?" रागिब दचकला. "मी पुरुष माणूस!"

"अस्वलाला घाबरला नाहीस, जेझव्याला काय घाबरतोस?"

घराच्या गिऱ्हाइकाचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही. मुहारेमची बॅग मीच उचलून परत कपाटावर टाकली. जड होती, तरी टाकली.

ऊन किल्ल्यामागे गेलं तेव्हा आम्ही सगळे निहादला सोडायला गाडीपाशी उभे होतो. गाडीच्या खिडकीतून चीज, लोकुमच्या गोड वड्या आणि हस्नियाची पापडी भरून झाली होती. तो आईला मिठी मारून थांबला.

"आई, तो छोटा जेझवा देशील? वरच्या फळीवरचा. आता येतं मला. तिकडे करत जाईन."

झुम्राने त्याची कॉलर नीट केली. ती नीटच होती.

"करशील रे," ती म्हणाली. "पण ओतशील कोणाला?"

निहादने मोजायला एक बोट दुमडलं आणि पुन्हा सरळ केलं. एखादं नाव तो शोधत असावा, शेजाऱ्याचं, कोणाचंही. रागिबनेही मान खाली घातली.

"जेझवा घेऊन जा," झुम्रा म्हणाली. "पण घर विकायचं नाही, निहाद. माझ्यासाठी नाही म्हणत. मी आज आहे, उद्या नसेन. तुला लागेल ते."